मुक्त सॉफ्टवेअर : प्रतीची किंमत आणि कामाचे मोल

तुकारामबाबांच्या अभंगांवर आज कोणाचीही मालकी नाही. मुंबई सरकारच्या साहाय्याने इंदुप्रकाश छापखान्याने १८६९ ते १८७३ या काळात गाथेचे दोन भाग प्रसिद्ध केले. पुढे राज्य शासनानेही गाथा छापून अल्प किंमतीत लोकांपर्यंत पोहोचविली. आणि देहू, आळंदी, पंढरपूर येथील दुकानांतून नाना आकारांच्या व नाना किंमतींच्या गाथा आजही विकल्या जातात. विक्रेता पैसे घेतो म्हणून वारकरी त्याला दोष देत नाही. कागद, छपाई, बांधणी, वाहतूक यांचे ते पैसे आहेत हे तो जाणतो. मात्र त्याच विक्रेत्याने, 'येथून गाथा नेणाऱ्याने तीतील अभंग दुसऱ्यास उतरवून देऊ नयेत,' अशी अट घातली, तर ती कोणीही मानणार नाही.

संगणकाच्या क्षेत्रात या जातीचा व्यवहार गेली चाळीस वर्षे चालू आहे. तथापि त्याविषयी आपल्याकडे अद्याप पुष्कळ संभ्रम आढळतो. कोल्हापूर जिल्ह्यातील शाळा, ग्रामपंचायती, पतसंस्था आणि दूध संस्था यांच्या कचेऱ्यांत संगणक पोहोचून बरीच वर्षे लोटली. त्यांवर चालणारे सॉफ्टवेअर अनेकदा विनामूल्य मिळणारे असते. मग लेखापरीक्षणाच्या वेळी प्रश्न उपस्थित होतो : जे इंटरनेटवरून कोणालाही फुकट उतरवून घेता येते, त्यापोटी पैसे दिलेच कसे? दुसऱ्या बाजूस, संगणकाचे शिक्षण घेऊन आपल्याच तालुक्यात व्यवसाय करू पाहणारा तरुण विचारतो : सॉफ्टवेअर फुकट, म्हणून माझे कामही फुकटच धरावयाचे काय? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि दोहोंचे उत्तर एकाच ठिकाणी शोधावे लागते.

मुक्त आणि मोफत

सॉफ्टवेअर म्हणजे संगणकाने काय करावयाचे हे सांगणाऱ्या आज्ञांची मालिका. मराठीत तिला आज्ञावली असे नाव आहे. प्रोग्रॅमर ती ज्या रूपात लिहितो, ते माणसाला वाचता येण्याजोगे रूप म्हणजे मूळ संहिता किंवा सोर्स कोड. प्रत्यक्ष संगणकावर चालते ते या संहितेचे रूपांतर असते आणि ते सामान्यतः माणसाला वाचता येत नाही. बाजारात विकल्या जाणाऱ्या बहुसंख्य पॅकेजांत मूळ संहिता ग्राहकास दिली जात नाही, आणि प्रत काढून दुसऱ्याला देण्यास परवान्याने मनाई असते. मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना नेमका याच्या उलट असतो. ते कोणत्याही कामासाठी वापरावे, आतून कसे चालते ते पाहून त्यात बदल करावेत, त्याच्या प्रती इतरांना द्याव्यात आणि बदललेल्या प्रतीही द्याव्यात, अशी चार स्वातंत्र्ये हा परवाना बहाल करतो. या चारांत किंमतीचा उल्लेख कोठेही नाही.

इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दाने मुक्त आणि मोफत असे दोन्ही अर्थ सांगावे लागतात. त्यामुळे त्या भाषेत या विषयावर बराच शब्दच्छल झाला. मराठीत दोन स्वतंत्र शब्द आहेत. असे असूनही बोलताना आपण त्यांची सरमिसळ करतो, ही थोडी विनोदाचीच गोष्ट म्हणावी लागेल. मोबाइलवरील कितीतरी ॲप मोफत असतात, पण मुक्त नसतात : त्यांची संहिता कोणाला पाहता येत नाही, आणि चालविणाऱ्या कंपनीने उद्या दार लावून घेतले तर वापरणाऱ्याच्या हाती काही उरत नाही. याउलट मुक्त सॉफ्टवेअर मोफत असलेच पाहिजे असे नाही.

दीडशे डॉलरची फीत

या व्यवहाराची सुरुवात कशी झाली, हे पाहणे उद्‌बोधक आहे. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत काम करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये 'ग्नू' नावाची संपूर्ण मुक्त संगणकप्रणाली लिहिण्याचा संकल्प जाहीर केला. जानेवारी १९८४ मध्ये त्यांनी या कामासाठी नोकरी सोडली. 'ईमॅक्स' हा त्यांचा मजकूर-संपादनाचा प्रोग्रॅम १९८५ च्या आरंभी वापरण्याजोगा झाला. ज्यांच्याकडे संगणकाचे जाळे होते, त्यांना तो एम.आय.टी.च्या यंत्रावरून विनामूल्य उतरवून घेता येत असे. पण त्या काळी बहुतेकांकडे ही सोय नव्हती. नोकरी सोडलेल्या स्टॉलमन यांनाही उपजीविकेचे साधन हवे होते. त्यांनी जाहीर केले की, दीडशे डॉलर पाठविणाऱ्यास चुंबकीय फितीवर प्रत पाठविण्यात येईल. तोच प्रोग्रॅम एका वाटेने विनामूल्य आणि दुसऱ्या वाटेने दीडशे डॉलरला मिळत होता, आणि त्यात कोणाचीही फसवणूक नव्हती. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात स्थापन झालेल्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने फितींची ही विक्री पुढे चालविली.

१९८९ मध्ये या चळवळीने तयार केलेला सार्वजनिक परवाना, म्हणजे जी.पी.एल., याच अनुभवावर उभा आहे. त्याची तिसरी आवृत्ती २००७ साली आली. प्रतीसाठी कितीही किंमत घ्यावी अथवा मुळीच घेऊ नये, असे तो स्पष्ट सांगतो. अट निराळी आहे. ज्याला चालणारी प्रत दिली, त्याला मूळ संहिताही मिळाली पाहिजे, आणि संहितेसाठी वेगळी जबर किंमत लावता येत नाही. हे कलम नसते, तर एखाद्याने शंभर रुपयांना प्रोग्रॅम आणि एक लाखाला त्याची संहिता असा दर लावून स्वातंत्र्य केवळ कागदावर ठेवले असते.

आपल्या देशातही फितीचा हा काळ येऊन गेला, फक्त फितीची जागा तबकडीने घेतली. लिनक्सची एक तबकडी सुमारे ७०० मेगाबाइटची असे. टेलिफोनच्या तारेवरून चालणाऱ्या जुन्या इंटरनेटवर ती उतरवावयाची तर तार सलग दीड दिवस अडकून राही, आणि टेलिफोनचे बिल तबकडीच्या किंमतीपेक्षा कितीतरी अधिक येई. म्हणून संगणकविषयक मासिकांबरोबर येणाऱ्या तबकड्या विद्यार्थी जपून ठेवीत व हातोहात फिरवीत. 'उबुंटू' ही प्रणाली तयार करणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीने तर २००५ ते २०११ या काळात मागेल त्याला जगभर टपालाने विनामूल्य तबकड्या पाठविल्या. वेगवान इंटरनेट घरोघर आल्यावर तबकडीची गरजच उरली नाही, आणि २०११ मध्ये ही योजना बंद झाली.

प्रत विकण्यातील अडचण

केवळ प्रतीची किंमत घेऊन कोणी दीर्घकाळ चरितार्थ चालवू म्हणेल, तर त्याला अडचण येते ती येथे. पहिल्या ग्राहकाने किंमत दिली, तरी तोच ग्राहक ती प्रत दुसऱ्याला विनामूल्य देऊ शकतो. परवान्यानेच त्याला तो अधिकार दिला आहे. प्रत काढावयास खर्च जवळजवळ येत नाही. त्यामुळे कालांतराने प्रतीची किंमत शून्याकडे घसरू लागते. हा कोणाच्या अप्रामाणिकपणाचा परिणाम नव्हे, व्यवस्थेचाच तो गुणधर्म आहे.

तरीही काही संस्था प्रतीची किंमत घेतात आणि लोक ती देतात. पत्रव्यवहार, तक्ते, सादरीकरण यांसाठी आपल्या शाळांतून वापरात असलेले लिबर ऑफिस तिच्या संकेतस्थळावरून विनामूल्य मिळते. पण ॲपलच्या दुकानातून घ्यावयाचे तर संस्थेने २०२२ मध्ये ८.९९ युरो आकारण्यास सुरुवात केली. चित्रकारांसाठी असलेले 'क्रिता' स्वतःच्या संकेतस्थळावर विनामूल्य आणि मायक्रोसॉफ्टच्या दुकानात किंमत देऊन, असे दोन्ही ठिकाणी मिळते. घेणाऱ्याला सोय मिळते, नव्या आवृत्त्या आपोआप येतात, आणि करणाऱ्याला हातभार लावल्याचे समाधानही असते. ध्वनिमुद्रणासाठीचे 'आर्डोर' आणखी वेगळा मार्ग धरते : मूळ संहिता विनामूल्य, मात्र ती जुळवून तयार केलेली, चटकन चालू होणारी प्रत हवी असल्यास पैसे मोजावे लागतात. ज्याला जुळवणी जमते त्याने स्वतः करावी. ज्याला जमत नाही त्याने मजुरी द्यावी. गव्हाचे पीठ गिरणीतून दळून आणताना आपण हेच करतो.

अशा विक्रीत लबाडीलाही वाव असतो. दुसऱ्यांनी केलेले मुक्त सॉफ्टवेअर नाव किंचित बदलून ऑनलाइन दुकानात मांडणारे लोक आढळू लागले. त्यांना आळा घालण्याच्या हेतूने मायक्रोसॉफ्टने २०२२ साली, विनामूल्य मिळणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरची आपल्या दुकानात किंमत आकारण्यावर निर्बंध घालणारा नियम केला. त्यात क्रितासारखे प्रामाणिक निर्मातेही सापडले. टीका झाल्यावर ते कलम मागे घेण्यात आले. दुसरा धोका जाहिरातींचा. छायाचित्रांवर काम करण्याच्या 'गिम्प' या प्रोग्रॅमच्या निर्मात्यांनी २०१३ मध्ये सोर्सफोर्ज हे वितरणस्थळ सोडले. तेथे 'डाउनलोड'च्या खऱ्या बटणाशेजारी फसव्या जाहिराती दिसत आणि काही प्रोग्रॅमांबरोबर नको असलेले इतर सॉफ्टवेअर चिकटवून दिले जाई. शाळेच्या संगणकावर काही उतरवून घेताना निर्मात्याच्या स्वतःच्याच संकेतस्थळावरून घ्यावे, असे शिक्षकांना सांगितले जाते ते याचसाठी.

हमीचे पैसे

पंचायत सदस्यांना परिचित असे एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. सातबारा उतारा महाभूलेखच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येतो. तथापि बँकेत वा कचेरीत दाखल करण्यासाठी डिजिटल स्वाक्षरीचा उतारा लागतो आणि त्याला १५ रुपये शुल्क आहे. दोन्हींतील गट क्रमांक, क्षेत्र, नावे सारखीच. शुल्क आकारले जाते ते उतारा अस्सल असल्याच्या हमीसाठी.

अमेरिकेतील रेड हॅट या कंपनीने आपला सारा व्यापार या तत्त्वावर उभारला. लिनक्स कोणालाही मिळते. पण रात्री दोन वाजता बँकेचा संगणक बंद पडला तर कोणाला हाक मारावयाची, दहा वर्षे दुरुस्त्या कोण पुरविणार, ही जबाबदारी घेण्यासाठी कंपनी वार्षिक वर्गणी घेते. १९९३ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीची वार्षिक उलाढाल २०१२ मध्ये एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली आणि २०१९ मध्ये आय.बी.एम.ने ती ३४ अब्ज डॉलरला विकत घेतली. तिचे एक मोठे अभियांत्रिकी केंद्र पुण्यात आहे. भारतीय लिप्यांसाठीची 'लोहित' नावाची अक्षरवळणे रेड हॅटने मुक्त परवान्याखाली दिली. त्यांची निगा राखण्याचे काम पुण्यातील अभियंत्यांनी केले आहे.

मुंबईतील एक उदाहरण

दूरदेशीची उदाहरणे सांगितली की, 'आपल्याकडे हे कसे जमणार?' असा आक्षेप येतो. त्याचे उत्तर मुंबईतच आहे. रुषभ मेहता यांनी आपल्या घरच्या फर्निचर व्यवसायासाठी हिशेब, साठा, खरेदी, उत्पादन यांची सांगड घालणारे सॉफ्टवेअर लिहावयास घेतले. त्यातून २००८ मध्ये कंपनी उभी राहिली. ती आज फ्रॅपे या नावाने ओळखली जाते. तिचे ई.आर.पी. नेक्स्ट हे सॉफ्टवेअर जी.पी.एल. परवान्याखाली आहे. कारखान्याची खरेदी-विक्री, गोदाम, हिशेबवह्या असा सारा कारभार त्यात चालविता येतो, आणि त्याची संहिता कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येते.

मग कंपनीचा खर्च भागतो कसा? असे सॉफ्टवेअर चालवावयाचे म्हणजे सर्व्हर हवा, त्याची राखण हवी, रोज माहितीची राखीव प्रत काढावयास हवी, नवी आवृत्ती आली की जुनी माहिती न बिघडविता ती बसवावयास हवी. ज्या उद्योगाकडे यासाठी माणसे नाहीत, तो कंपनीच्या सर्व्हरवर जागा घेतो आणि दरमहा पैसे देतो. दर ठरतो तो सर्व्हरच्या वापरावर; किती कर्मचारी ते वापरतात यावर नाही. बंद पॅकेजांत बहुधा माणशी परवाना घ्यावा लागत असल्याने, पन्नास-साठ कामगारांच्या कारखान्याला हा फरक चांगलाच जाणवतो. याखेरीज तांत्रिक साहाय्याचे करार असतात. ठिकठिकाणी स्वतंत्र व्यावसायिकही हे सॉफ्टवेअर बसवून देतात, स्थानिक गरजेप्रमाणे फेरफार करतात आणि त्याची मजुरी घेतात.

या व्यवस्थेतील कठीण बाजूही सांगितली पाहिजे. फ्रॅपेने लिहिलेले सॉफ्टवेअर दुसरी कंपनी आपल्या सर्व्हरवर चालवून ग्राहक मिळवू शकते. परवान्यानुसार तिला तसा अधिकार आहे. म्हणजे निर्मात्याला आपल्याच मालाच्या बाजारात रोज स्पर्धा करावी लागते, आणि ग्राहक टिकतो तो सेवा चांगली असेल तरच. माझ्या मते सार्वजनिक संस्थांच्या दृष्टीने हीच या व्यवस्थेतील सर्वांत मोलाची गोष्ट आहे. एका पुरवठादाराशी बिनसले, तर सॉफ्टवेअर न बदलता पुरवठादार बदलता येतो.

शिरोली, गोकुळ शिरगाव येथील ओतकाम कारखाने आणि इचलकरंजीचे यंत्रमाग यांच्या दारी असे काम पुष्कळ आहे. या जिल्ह्यातील अभियांत्रिकी पदवीधर पुण्या-बंगळूरकडे जातात, हे आपण नेहमी हळहळून बोलतो. परंतु कारखान्याचे ओतकाम समजणारा, मालकाशी कोल्हापुरी बोलीत बोलणारा, आणि बिघाड होताच तासाभरात मोटारसायकलवरून येऊन पोहोचणारा तंत्रज्ञ पुण्याची मोठी कंपनी देऊ शकत नाही. अडथळा आहे तो मनोवृत्तीचा. यंत्र दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला पैसे देताना कोणी 'पाना तर तुमचाच होता, खर्च कसला?' असे विचारीत नाही. संगणकवाल्याला मात्र तसे विचारले जाते.

अक्षरांचे दाम

मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकाशी संबंध येतो तो अक्षरवळणांचा, म्हणजे फाँटचा. जुन्या कचेऱ्यांतील सहकाऱ्यांना आठवत असेल की, एके काळी मराठी टंकलेखनाचे पॅकेज विकत घ्यावे लागे. काहींबरोबर संगणकाच्या पाठीमागे जोडावयाचे एक कुलूप येई, आणि ते हरवले की कचेरीचे मराठी बंद पडे. एका पॅकेजात लिहिलेला मजकूर दुसऱ्यात उघडत नसे. युनिकोडमुळे ही कटकट संपली आणि मुक्त अक्षरवळणे मिळू लागली.

मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने रेखाटलेली मुक्ता, बलू, मोदक ही वळणे आज असंख्य फलकांवर, पुस्तकांत आणि संकेतस्थळांवर दिसतात. ती ओपन फाँट लायसन्स या परवान्याखाली आहेत. या परवान्यात एक लक्षणीय कलम आहे : फाँट एकटाच विकता येत नाही, दुसऱ्या सॉफ्टवेअरसोबत मात्र तो विकता येतो, आणि फाँट वापरून छापलेले पुस्तक, फलक, लग्नपत्रिका यांची विक्री करण्यास कसलीच आडकाठी नाही. जी.पी.एल. प्रतीची किंमत घेऊ देते, हा परवाना सुट्या फाँटची विक्री होऊ देत नाही. तरीही दोन्ही मुक्त परवाने गणले जातात. यावरून 'मुक्त' म्हटले की नियम एकच, असे समजणे किती चुकीचे ते ध्यानात यावे.

देवनागरीचे एक वळण तयार करावयाचे म्हणजे जोडाक्षरांसह शेकडो आकार काढावे लागतात. रफार, रुकार, वेलांटी प्रत्येकाशी नीट बसते की नाही ते तपासावे लागते. हे काम महिनोन्महिने चालते. विकावयाचे नाही, तर कारागिराने खावे काय? भारतीय लिप्यांतील अनेक मुक्त वळणांचा निर्मितीखर्च गूगलने आपल्या फाँट-संग्रहासाठी उचलला, कारण मराठीतून, हिंदीतून लोक वाचू-लिहू लागले तर त्या कंपनीचा व्यवसाय वाढतो. शिवाय व्यापारी संस्था आपल्यापुरती खास वळणे मागणीनुसार करून घेतात आणि त्याचे दाम देतात. लाभ ज्याचा, खर्च त्याचा, असा हा हिशेब आहे.

आपल्या जिल्ह्यात हा हिशेब निराळ्या संदर्भात पूर्वीच होऊन गेला आहे. १९९८ मध्ये केंद्र व राज्य शासनाच्या साहाय्याने, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रामार्फत, वारणानगर परिसरातील कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांच्या ७० गावांसाठी संगणक केंद्रांची योजना हाती घेण्यात आली. ऊसनोंदणी, तोडणीची परवानगी, वजन, बिल ही माहिती शेतकऱ्याला कारखान्यावर हेलपाटे न घालता गावातच मिळू लागली. ही केंद्रे चालविण्याचा भार सहकारी संस्थेने उचलला. पुढे २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागाने सात गावांत संगणकाऐवजी मोबाइलच्या लघुसंदेशांतून हीच माहिती देण्याचा प्रयोग केला. वारणेचे सॉफ्टवेअर मुक्त परवान्याचे होते असे नव्हे. उदाहरण एवढ्यासाठीच की, माहिती मागणाऱ्याकडून दरवेळी पैसे न घेताही व्यवस्था चालविता येते. मात्र तिचा खर्च कोणीतरी जाणीवपूर्वक आपल्या खात्यावर घ्यावा लागतो.

देणगीचा भरवसा

राहिला मार्ग देणगीचा. त्याची यशोगाथा म्हणून ब्लेंडरचे नाव घेतले जाते. त्रिमिती चित्रांचे हे सॉफ्टवेअर बनविणारी नेदरलँड्समधील कंपनी २००२ साली बंद पडली. एक लाख युरो दिल्यास हक्क सोडण्यास भांडवलदार तयार झाले. वापरणाऱ्यांनी सात आठवड्यांत ती रक्कम जमविली आणि ब्लेंडर मुक्त झाले. दुसरी बाजू तितकीच बोलकी आहे. इंटरनेटवरील बँक व्यवहार गुप्त ठेवण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ओपन एस.एस.एल. या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये एप्रिल २०१४ मध्ये गंभीर दोष सापडला. तेव्हा उघडकीस आले की, ज्यावर जगाचे अब्जावधींचे व्यवहार विसंबून होते, त्या प्रकल्पाला वर्षाकाठी देणगीरूपाने सुमारे दोन हजार डॉलरच मिळत होते. सर्वांनी वापरले, पण आपण पैसे द्यावेत असे जवळजवळ कोणालाच वाटले नाही. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन निधी उभारला. भारतात झेरोधा या कंपनीने २०२४ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांसाठी दरवर्षी दहा लाख डॉलर देण्याचे जाहीर केले. आपला व्यवसाय मुक्त सॉफ्टवेअरवर उभा असल्याचे ती कंपनी सांगते.

शाळा आणि ग्रामपंचायतींसाठी

केंद्र शासनाने २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याविषयीचे धोरण जाहीर केले आणि खरेदीच्या वेळी त्याचा विचार अग्रक्रमाने करण्यास सांगितले. केरळने तर त्याआधीच आपल्या शाळांतील संगणक मुक्त प्रणालीवर आणून परवान्यांवर जाणारा पैसा वाचविला; मात्र तेथे शिक्षकांच्या प्रशिक्षणावर मोठा भर देण्यात आला, हे विसरता कामा नये. प्रशिक्षणाची साधने आपल्या राज्यातही आहेत. मुंबईच्या आय.आय.टी.ने तयार केलेले 'स्पोकन ट्युटोरियल' हे पाठ लिबर ऑफिस, लिनक्स आदी विषयांवर मराठीतूनही ऐकता येतात व विनामूल्य उतरवून घेता येतात.

आता खरेदीची गोष्ट. एखाद्या हायस्कुलाने वीस संगणकांसाठी दरपत्रक मागविले आणि त्यात 'ऑफिस सॉफ्टवेअर, प्रति संगणक' अशी एक रक्कम लावली आहे, असे समजू. ते लिबर ऑफिस असेल, तर ही रक्कम बेकायदा ठरत नाही. परवाना विक्रीस मनाई करीत नाही. परंतु संस्था नेमके कशाचे पैसे देते, ते कागदावर दिसत नाही, आणि लेखापरीक्षकाचा आक्षेप येतो तो येथेच. म्हणून सॉफ्टवेअरचे नाव व परवाना लिहून त्यापुढे मूल्य शून्य दाखवावे, आणि त्याखाली कामाचे दर स्वतंत्रपणे मागवावेत : वीस संगणकांवर प्रणाली बसविणे, मराठी कळफलक व युनिकोड फाँट चालू करून देणे, शिक्षकांचे दोन दिवसांचे प्रशिक्षण, वर्षभरात ठरावीक भेटी, बिघाड कळविल्यापासून किती तासांत दुरुस्ती. असा दर प्रामाणिक तंत्रज्ञाला परवडणारा असावा. कमीत कमी दराच्या मागे लागून दोनशे रुपयांत वीस संगणक बसवून घेतले, तर पुढील वर्षभर तो माणूस फोन उचलणार नाही, आणि त्याचा दोष त्याच्याकडे जाणार नाही.

ग्रामपंचायत किंवा पतसंस्था आपल्या गरजेप्रमाणे एखाद्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये बदल करून घेत असेल, तर पुरवठा आदेशात आणखी काही गोष्टी स्पष्ट लिहिणे हिताचे ठरते. सॉफ्टवेअर जी.पी.एल. परवान्याचे असल्यास, बदललेल्या प्रतीची मूळ संहिता संस्थेला देणे पुरवठादारावर बंधनकारक असते. ती मागून घ्यावी आणि कचेरीत जपून ठेवावी. संस्थेची माहिती कोणत्याही अन्य सॉफ्टवेअरमध्ये उघडता येईल अशा स्वरूपात दर महिन्यास राखीव प्रतीसह मिळावी. सर्व्हरचे व प्रशासकाचे पासवर्ड बंद लिफाफ्यात सरपंच वा सचिव यांच्या ताब्यात असावेत. करार संपल्यावर हस्तांतराचे काम किती दिवसांत आणि किती मोबदल्यात करावयाचे, तेही आधीच ठरवावे, म्हणजे पुढील वर्षी काम दुसऱ्या तंत्रज्ञाकडे सोपविताना दप्तर अडून राहत नाही.